वेल्लोरच्या डॉ. आयडा स्कडर

मद्रासहून पश्चिमेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर काटपाडी नावाचे एक जंक्शन आहे. बंगाल, आसाम, ओरिसा, बिहार, आंध्र अशा दूरदूरच्या प्रांतांतून येणाऱ्या गाड्या येथे थांबल्या म्हणजे फलाटावर उतरणाऱ्या मंडळींत एक विशेष जाणवतो. कोणाच्या हाताला पट्टी असते, कोणाच्या काखेत कुबडी असते, कोणी आपल्या वृद्ध आईला दोन्ही बाजूंनी आधार देत चालत असतो. आणि बहुतेकांच्या बगलेत जुन्या तपासण्यांचे कागद नीट बांधून ठेवलेले असतात. ही सारी वाट वेल्लोरच्या रुग्णालयाकडे जाते. आपल्या मंडळाच्या सभासदांतही ही वाट तुडवून आलेली कुटुंबे अनेक असतील.

मराठी माणसाला वेल्लोर हे नाव ऐकताच खरे तर दुसऱ्याच एका गोष्टीचे स्मरण व्हावयास हवे. शिवछत्रपतींच्या कर्नाटक स्वारीत मराठ्यांनी येथील भुईकोटास वेढा घातला, कोटावर मारा करता यावा म्हणून लगतच्या टेकड्यांवर साजरा आणि गोजरा असे दोन किल्ले उभारले आणि १६७८ मध्ये हा बळकट कोट हस्तगत केला. पुढे १८०६ मध्ये याच कोटात कंपनी सरकारच्या हिंदी शिपायांनी बंडाचा झेंडा उभारला. परंतु विसाव्या शतकात या गावाचे नाव भारतभर झाले ते कोटामुळे नव्हे, तर एका स्त्रीने दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब अशा खोलीत मांडलेल्या एका खाटेमुळे. त्या स्त्रीचे, डॉ. आयडा सोफिया स्कडर यांचे चरित्र आपल्या सुवर्णमहोत्सवाच्या या अंकात थोडक्यात सांगावयाचे आहे. पन्नास वर्षे एखादी संस्था चालविणे म्हणजे काय असते, याचा अनुभव आता आपल्यालाही आलेला आहे. त्यामुळे हे चरित्र आपल्याला अधिक जवळचे वाटेल.

स्कडर घराणे मूळचे अमेरिकेचे. आयडाचे आजोबा डॉ. जॉन स्कडर हे अमेरिकेतून परदेशी गेलेल्या पहिल्या वैद्यकीय मिशनऱ्यांपैकी एक. १८१९ मध्ये ते सिंहलद्वीपास आले आणि १८३६ मध्ये मद्रासला स्थायिक झाले. त्यांचे सात मुलगे पुढे याच देशात मिशनच्या कामाला लागले. त्यांपैकी दुसरे डॉ. जॉन स्कडर हे आयडाचे वडील. रानीपेट येथे ९ डिसेंबर १८७० रोजी आयडाचा जन्म झाला. पाच भावांच्या पाठीवर झालेली ही एकुलती एक मुलगी. रानीपेट तेव्हा उत्तर अर्काट जिल्ह्यात मोडत असे. आता त्या जुन्या जिल्ह्याचे तुकडे होत होत रानीपेट हे २०१९ पासून स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले आहे.

आयडा सहा-सात वर्षांची असताना दक्षिणेत १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ पडला. आपल्या दख्खनच्या पठारावरही ज्याने गावेच्या गावे ओस पाडली, तोच हा दुष्काळ. भुकेने इतकी क्षीण झालेली मुले मिशनच्या आवारात येत, की भाकरीचा तुकडा उचलून तोंडात घालण्याचीही शक्ती त्यांच्या अंगात उरलेली नसे. लहानग्या आयडाला पावाचे तुकडे मोडून त्यांच्या तोंडी घालण्याचे काम दिले होते. या आठवणीने तिच्या मनात सेवेची ओढ निर्माण केली असेल असे कोणास वाटेल. पण झाले ते उलटेच. भारत म्हणजे उष्णता, भूक आणि मरण, असे समीकरण तिच्या बालमनात पक्के बसले. पुढे ती शिक्षणासाठी अमेरिकेस गेली, नॉर्थफील्डच्या कन्याशाळेत रमली, आणि आपल्या घराण्यातील इतर सारे काय वाटेल ते करोत, आपण मात्र मिशनरी व्हावयाचे नाही, असा तिने निश्चय केला. सुस्वरूप, खोडकर, खेळाची आवड असलेली ही मुलगी अमेरिकेतच संसार थाटील, अशीच सर्वांची अपेक्षा होती.

१८९० मध्ये आई आजारी असल्याची वार्ता आली आणि आयडा काही काळापुरती म्हणून भारतात परतली. आईवडील तेव्हा तिंडिवनम या गावी राहात होते. तेथील वास्तव्यात एका रात्री जे घडले, त्याने तिच्या आयुष्याची दिशा बदलली. स्कडरांचे कोणतेही चरित्र या रात्रीवाचून पुरे होत नाही.

रात्रीच्या शांततेत दारावर थाप पडली. एक तरुण ब्राह्मण गृहस्थ दाराशी उभा होता. त्याची अल्पवयीन पत्नी बाळंतपणात अडली होती, सुईणीने हात टेकले होते. आयडाने सांगितले की आपण डॉक्टर नाही, वडील आहेत, ते येतील. परंतु परपुरुषाने आपल्या पत्नीला स्पर्श करणे त्या गृहस्थाच्या आचारात बसणारे नव्हते. तो निराश होऊन निघून गेला. काही वेळाने दुसरी थाप पडली. या वेळी एक मुसलमान गृहस्थ आला होता. अडचण तीच आणि उत्तरही तेच. पडद्यातील स्त्रीला परका पुरुष पाहू शकत नव्हता. आणि त्याच रात्री तिसऱ्यांदा थाप पडली. आलेला मनुष्य मुदलियार समाजातील होता. त्याचीही पत्नी अडली होती आणि त्यालाही पुरुष डॉक्टर नको होता. आयडाला त्या रात्री झोप लागली नाही. पहाटे गावातून प्रेतयात्रेच्या वाद्यांचा आवाज येऊ लागला. चौकशी केली तेव्हा तिन्ही स्त्रिया गेल्याचे कळले.

या प्रसंगातील एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. त्या तिन्ही स्त्रियांच्या दारापासून हाकेच्या अंतरावर एक शिकलेला, अनुभवी आणि येण्यास तयार असलेला डॉक्टर होता. त्या वैद्यकाच्या अभावी मेल्या नाहीत. वैद्यक त्यांच्यापर्यंत पोहोचू शकले नाही म्हणून मेल्या. ग्रामीण आरोग्याचा सारा प्रश्न या एका वाक्यात सामावलेला आहे. औषध आहे, जाणकार आहे, आणि तरीही मधली वाट बंद आहे. ती वाट कोठे रूढीने बंद होते, कोठे अंतराने, कोठे दारिद्र्याने. आयडाच्या नावावर जे कार्य जमा आहे, ते सारे ही वाट मोकळी करण्याचे कार्य आहे.

सकाळी तिने आईवडिलांना आपला निर्णय सांगितला. आपण अमेरिकेस जाऊन डॉक्टर होणार आणि परत येऊन येथील स्त्रियांसाठी काम करणार.

१८९५ मध्ये तिने फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले. मराठी वाचकाला या संस्थेची वेगळी ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. आपल्या आनंदीबाई जोशी येथूनच १८८६ मध्ये पदवीधर झाल्या होत्या. बाळंतपणात आपले अपत्य योग्य उपचारांवाचून गमावल्याचे दुःख उरात घेऊन आनंदीबाई समुद्रापार गेल्या, आणि पदवी घेऊन परतल्यावर काही महिन्यांतच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, क्षयाने त्यांचे निधन झाले. जे स्वप्न पुण्याच्या भूमीत अर्धेच राहिले, त्याच जातीचे स्वप्न उराशी धरून त्याच वास्तूत नऊ वर्षांनी दुसरी एक तरुणी येते, हा योगायोग मोठा हृद्य आहे. पुढे न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयाने स्त्रियांना प्रवेश खुला केला, तेव्हा आयडाने शेवटचे वर्ष तेथे काढले आणि १८९९ मध्ये पदवी घेतली.

भारतात येण्यापूर्वी वेल्लोर येथे स्त्रियांचे रुग्णालय बांधण्यासाठी निधी जमविण्याचे काम तिच्यावर आले. आठवडा संपत आला तरी विशेष काही जमले नव्हते. अशात शेल नावाच्या न्यूयॉर्कच्या एका वृद्ध पेढीवाल्याने आपल्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ दहा हजार डॉलर एकरकमी दिले. १९०० सालच्या आरंभी डॉ. आयडा स्कडर वेल्लोरला दाखल झाल्या.

वडिलांच्या हाताखाली अनुभव घ्यावा आणि मग स्वतंत्र काम करावे, असा त्यांचा बेत होता. परंतु त्याच वर्षी मे महिन्यात वडील निवर्तले. अनुभव नाही, रुग्णालय नाही, हाताखाली माणूस नाही. शिवाय जेथे वृद्ध आणि नावाजलेले डॉक्टर होते तेथे ही नवशिकी मुलगी काय करणार, असा लोकांचा भाव. प्रारंभी रुग्ण येईनात. बंगल्यातील एका लहान खोलीत एक खाट टाकून त्यांनी दवाखाना थाटला होता. खोलीच्या खिडकीतून औषध देत. हाताशी मदतनीस म्हणून स्वयंपाक्याची बायको सलोमी. हिला त्यांनी औषधे ओळखण्यापासून शस्त्रक्रियेच्या वेळी साहाय्य करण्यापर्यंत सर्व काही शिकविले. हळूहळू एकीने दुसरीला सांगितले, दुसरीने तिसरीला, आणि दोन वर्षांत सुमारे पाच हजार रुग्ण त्या दारातून गेले. १९०२ मध्ये चाळीस खाटांचे मेरी टेबर शेल रुग्णालय उघडले. त्या आवारात एकच शस्त्रक्रिया करणारा हात होता, आणि तो डॉ. आयडांचा.

रुग्णालय उघडले म्हणजे बहुतेक डॉक्टरांना आपले काम साधले असे वाटते. डॉ. आयडांना उलट वाटू लागले. रुग्णालयात येणाऱ्या स्त्रिया बहुधा अखेरच्या घटकेस येत. बैलगाडीतून दोन-दोन दिवसांचा खडतर प्रवास, त्याआधी घरगुती उपाय, मग अंगारे-धुपारे, मग सुईण, आणि सर्व उपाय हरल्यावर डॉक्टरीणबाई. अडलेल्या बाळंतिणीचे मूल पोटातच गेलेले असे, अस्वच्छ हातांनी केलेल्या खटपटीमुळे जंतुदोष अंगभर पसरलेला असे. अशा वेळी शस्त्र कितीही कुशलतेने चालविले तरी हाती काय लागणार? मृत्यूचे कारण म्हणून जंतुदोष किंवा रक्तस्राव असे काही लिहावे लागे. पण खरे कारण अंतर हेच होते. रुग्ण दवाखान्यापर्यंत वेळेवर येऊ शकत नसेल तर दवाखान्याने रुग्णापर्यंत जावे, या सरळ विचारातून १९०६ च्या सुमारास रस्त्याकाठचे दवाखाने सुरू झाले.

वेल्लोरहून गुडियात्तमकडे जाणारा रस्ता सुमारे तीस किलोमीटरांचा. आठवड्यातील एका ठरलेल्या दिवशी डॉ. आयडा औषधांच्या पेट्या घेऊन या रस्त्याने निघत. ठरलेल्या ठिकाणी वडाच्या अथवा चिंचेच्या सावलीत गाडी थांबे. आसपासच्या खेड्यांतील माणसे पहाटेपासून येऊन बसलेली असत. पेट्या उघडल्या की काम सुरू होई. डोळे आलेली मुले, चिघळलेल्या जखमा, हिवताप, किडके दात, गळवे, खरूज आणि त्यांच्याच ओळीत थोडे दूर बसलेले महारोगी. ज्यांना गावाने वेशीबाहेर काढले होते त्यांना येथे वेशीबाहेरच, त्याच झाडाखाली, इतरांसारखेच औषध मिळे. ज्याला रुग्णालयात नेणे अवश्य असेल त्याला परतीच्या वाटेवर बरोबर घेत. आरंभी हा प्रवास बैलगाडीने होई. १९०९ मध्ये अमेरिकेतील स्नेह्यांनी एक फ्रेंच मोटारगाडी पाठविली. ती खडखडत येताना पाहून खेड्यातील लोक भुताचा रथ समजून शेतांत पळून जात, असे सांगतात. काही महिन्यांतच तेच लोक तिच्या आवाजाकडे कान लावून बसू लागले.

या फिरत्या दवाखान्याचे महत्त्व दिलेल्या औषधांच्या मापात मोजता येणार नाही. ठराविक दिवशी, ठराविक झाडाखाली डॉक्टर येणार म्हणजे येणारच, हा विश्वास खेड्यात निर्माण झाला. आजाराच्या आरंभीच दाखविण्याची सवय लागली. पहिल्यांदा डोळ्यांत औषध घालून घेतलेली स्त्री पुढे आपल्या सुनेला बाळंतपणासाठी पाठविण्यास तयार झाली. रूढीचा जो दरवाजा तिंडिवनमला तीन वेळा बंद झाला होता, तो कोणत्याही वादविवादावाचून, झाडाच्या सावलीत, थोडाथोडा उघडू लागला.

परंतु एका स्त्रीचे दोन हात कोठवर पुरणार? आपल्या पश्चात हे काम थांबेल, आणि आपल्या हयातीतही ते एका रस्त्यापलीकडे जाणार नाही, हे त्यांनी ओळखले. १९०९ मध्ये त्यांनी परिचारिकांचे शिक्षण सुरू केले. त्यानंतरचा विचार अधिक धाडसाचा होता: स्त्री-डॉक्टर परदेशातून आणावयाच्या नाहीत, येथील मुलींतून घडवावयाच्या.

त्या काळी भारतात स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण अगदीच अप्राप्य होते असे नाही. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १८७५ मध्येच काही स्त्रियांना प्रवेश दिला होता; लुधियान्यास डॉ. एडिथ ब्राउन यांची शाळा १८९४ पासून चालू होती. दिल्लीस १९१६ मध्ये लेडी हार्डिंज महाविद्यालय निघाले. आपल्या रखमाबाई विलायतेहून शिकून येऊन सुरतेस रुग्णालय सांभाळीत होत्या. तथापि दक्षिणेतील खेड्यांच्या गरजेपुढे ही संख्या समुद्रात थेंबासारखी होती. सरकारी अधिकाऱ्यांना डॉ. आयडांची योजना अव्यवहार्य वाटली. तीन मुली तरी मिळतील की नाही, अशी शंका त्या खात्याच्या प्रमुखांनी व्यक्त केली. प्रत्यक्षात दीडशेच्या वर अर्ज आले. १२ ऑगस्ट १९१८ रोजी मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या हस्ते स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेचे उद्घाटन झाले. भाड्याचे घर, एक सूक्ष्मदर्शक यंत्र, मोजकी पुस्तके, थोडी हाडे, आणि शरीररचनेपासून प्रसूतिशास्त्रापर्यंत बहुतेक सर्व विषय शिकविणाऱ्या एकट्या डॉ. आयडा, अशी ती शाळा होती.

पहिल्या वर्षाची परीक्षा मद्रासला होती. तेथे मुलांच्या शाळांतील विद्यार्थ्यांबरोबर या मुलींची कसोटी लागावयाची होती. पुरुषांत पाचांमागे एखादाच उत्तीर्ण होतो, तेव्हा पहिल्या वेळी अपयश आले तर खचू नये, असा हितोपदेशही करण्यात आला. निकाल लागला तेव्हा वेल्लोरच्या चौदाही मुली उत्तीर्ण झाल्या होत्या. १९२२ मध्ये या चौदा जणी डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. या मुली परदेशी नव्हत्या, त्यांची भाषा रुग्णांचीच होती, आणि अडलेल्या बाळंतिणीच्या माजघरात त्यांना कोणी अडविणार नव्हते.

पुढील दोन दशके विस्ताराची आहेत. अमेरिकेत ल्युसी पीबॉडी आदी स्त्रियांनी वर्गणीची मोठी मोहीम चालविली. तोट्टपाळयम भागात नवे रुग्णालय उभे राहिले, आणि १९३२ मध्ये शाळा गावाबाहेर टेकड्यांच्या पायथ्याशी बागायम येथील विस्तीर्ण आवारात गेली. १९२८ मध्ये महात्मा गांधींनी येथे भेट दिली. या सर्व काळात डॉ. आयडांचा दिनक्रम बदलला नाही. पहाटे प्रार्थना, मग शस्त्रक्रिया, मग तास, मग रुग्ण. आणि संध्याकाळी टेनिसच्या मैदानावर आपल्याहून पुष्कळ लहान असलेल्यांना हरविण्याचा आनंद. आई वेल्लोरलाच त्यांच्याजवळ राहात असे.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने नमूद केली पाहिजे. डॉ. आयडा या मिशनरी होत्या आणि आपल्या धर्मावर त्यांची अढळ निष्ठा होती. संस्थेचा पाया ख्रिस्ती होता आणि आहे. मिशनच्या कार्याविषयी आपल्या समाजात जे मतभेद होते आणि आहेत, ते येथे मिटवावयाचे नाहीत. मात्र ज्या रुग्णाला औषध हवे होते त्याला जात, पंथ आणि ऐपत न पाहता ते मिळाले, याची साक्ष त्या रस्त्याकाठच्या रांगा देतात.

या चरित्रातील खरी कसोटीची वेळ उतारवयात आली. वेल्लोरची शाळा पदवी देत नव्हती, एल. एम. पी. हा परवाना-अभ्यासक्रम शिकवीत होती. तो अधिक थोड्या अवधीचा, कमी खर्चाचा आणि खेड्यातील गरजेपुरता होता. १९३० च्या दशकाच्या अखेरीस मद्रास सरकारने हा अभ्यासक्रम बंद करून यापुढे विद्यापीठाची पदवीच ग्राह्य धरण्याचे धोरण ठरविले. वैद्यकाचा दर्जा सर्वत्र एकच असावा, शहराला एक डॉक्टर आणि खेड्याला कनिष्ठ प्रतीचा दुसरा असे असू नये, हा त्यामागील विचार न्याय्यच होता. परंतु त्याला दुसरी बाजू होती. परवानाधारक डॉक्टर खेड्यात टिकत. पदवीधर शहराकडे ओढले जात. पुढे १९४६ मध्ये भोर समितीने देशभर एकाच दर्जाचा पदवीधर डॉक्टर असावा अशी शिफारस केली, तेव्हाही समितीतील काही सभासदांनी या मुद्द्यावर आपले मत वेगळे नोंदविले. दर्जा की पोहोच, हा वाद आजही आपल्या देशात पुन्हा पुन्हा उपस्थित होतो.

डॉ. आयडांपुढे हा वाद तात्त्विक नव्हता. पदवी महाविद्यालय व्हावयाचे तर कितीतरी अधिक खाटा, प्रयोगशाळा, उच्च पदव्या घेतलेले अध्यापक आणि लक्षावधी रुपये हवे होते. नाही तर संस्था बंद. १९४१ मध्ये, वयाची सत्तरी ओलांडलेली असताना आणि जग महायुद्धात होरपळत असताना, त्या निधीसाठी अमेरिकेस गेल्या. तेथे आणखी एक पेच उभा राहिला. अनेक मिशनांनी एकत्र येऊन या संस्थेला साहाय्य करावे, परंतु तिने स्त्रियांबरोबर पुरुषांनाही प्रवेश द्यावा, असा प्रस्ताव होता. ज्या अमेरिकन स्त्रियांनी वर्षानुवर्षे स्त्रियांच्या शिक्षणासाठी म्हणून पै-पैसा जमविला होता, त्यांना हा विश्वासघात वाटला. त्यांच्या अग्रणी ल्युसी पीबॉडी या डॉ. आयडांच्या जुन्या स्नेही होत्या. एका बाजूला चाळीस वर्षांचे ध्येय आणि स्नेह, दुसऱ्या बाजूला संस्थेचे जीवित. डॉ. आयडांनी दुःखाने, पण स्पष्टपणे, दुसरा पक्ष स्वीकारला. स्त्रियांचे हित संस्था टिकण्यात आहे, ती मिटण्यात नाही, असे त्यांना वाटले. आपण स्थापिलेल्या संस्थेचे रूप आपल्या डोळ्यांदेखत पालटू देणे हे संस्थापकाला किती कठीण जाते, हे संस्था चालविणाऱ्यांना सांगावयास नको.

१९४२ मध्ये मद्रास विद्यापीठाने पदवी अभ्यासक्रमास तात्पुरती मान्यता दिली. १९४६ मध्ये डॉ. आयडा निवृत्त झाल्या. १९४७ मध्ये, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, वेल्लोरच्या वर्गात प्रथमच मुलगे बसले. आणि १९५० मध्ये विद्यापीठाची कायम मान्यता मिळाली. प्राचार्यपदी डॉ. हिल्डा लाझरस यांच्यासारखी भारतीय स्त्री आली, ही घटना डॉ. आयडांना विशेष समाधान देणारी असली पाहिजे.

निवृत्तीनंतर कोडाईकनालच्या टेकडीवरील घरात त्या राहिल्या. तेथून खाली वेल्लोरमध्ये काय चालले आहे यावर त्यांचे लक्ष असे. डॉ. पॉल ब्रँड महारोग्यांच्या वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करून ती पुन्हा कामास लावीत होते. ज्यांना एके काळी झाडाखाली दूर बसावे लागे, त्यांना आता उपजीविकेचे हात मिळू लागले होते. वेल्लोरच्याच विद्यार्थिनी डॉ. मेरी व्हर्गीस १९५४ मधील अपघातात कमरेखाली लुळ्या झाल्या, तरी चाकाच्या खुर्चीत बसून शस्त्रक्रिया करीत राहिल्या आणि पुढे अपंगांच्या पुनर्वसनाचे मोठे काम त्यांनी उभारले. २४ मे १९६० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, डॉ. आयडा स्कडर यांचे कोडाईकनाल येथे निधन झाले.

चरित्र येथे संपते. प्रश्न संपत नाही. वेल्लोरचे रुग्णालय जसजसे वाढत गेले, तसतसे त्याच्यापुढे तेच कोडे नव्या रूपात उभे राहिले. जेथे देशभरातून दुर्धर रोगांचे रुग्ण येतात, तेथे शेजारच्या खेड्यातील हिवताप आणि बाळंतपण मागे पडण्याचा धोका असतो. संस्थेने हे ओळखले, ही तिची थोरवी. कणियंबाडी तालुका-गटात गावोगाव घरभेटी, जन्ममृत्यूची नोंद आणि गरोदर स्त्रियांची देखभाल यांचे काम चालले, के. व्ही. कुप्पम गटात १९७७ मध्ये ग्रामीण आरोग्य आणि समाजकार्याचे स्वतंत्र केंद्र निघाले. शिक्षण संपल्यावर विद्यार्थ्याने काही वर्षे दूरच्या, गरजू ठिकाणच्या रुग्णालयात सेवा करावी, असे बंधन प्रवेशाच्या वेळीच घालण्यात येऊ लागले. पदवीधर डॉक्टर खेड्यात जात नाही या दुखण्यावर वेल्लोरने काढलेला हा उपाय होय.

या परंपरेचे एक फळ आपल्या महाराष्ट्राच्या ओटीत पडले आहे. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरचेच विद्यार्थी. १९७० मध्ये त्यांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड या सदा अवर्षणग्रस्त गावी काम सुरू केले. गावातील अल्पशिक्षित, पुष्कळदा निरक्षर, दलित आणि परित्यक्ता अशा स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. बाळंतपण स्वच्छ कसे करावे, जुलाब झालेल्या मुलाला साखरमिठाचे पाणी कसे द्यावे, धोक्याची लक्षणे कोणती, कोणाला तातडीने दवाखान्यात न्यावे, हे या स्त्रिया शिकल्या आणि गावाला शिकवू लागल्या. या कार्यासाठी आरोळे दांपत्यास १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जामखेडची वाट जगभरच्या अभ्यासकांना परिचित झाली. वेल्लोरच्या बंगल्यात सलोमीला शिकवून जे बीज पेरले गेले होते, तेच जामखेडच्या कोरड्या मातीत वेगळ्या रोपाने उगवले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

आपल्यासारख्या परप्रांती वसलेल्या मराठी मंडळींना डॉ. आयडांच्या जीवनातून घेण्यासारखे आणखी एक आहे. ज्या भूमीपासून त्यांना दूर पळावयाचे होते, त्याच भूमीत त्यांनी साठ वर्षे काढली; तिची भाषा आपली केली, तिच्या बायकांचे दुःख आपले मानले आणि तिच्याच कुशीत त्या विसावल्या. जेथे आपण राहतो तेथील माणसांच्या उपयोगी पडणे, हाच परप्रांती राहणाऱ्याचा खरा रहिवासाचा दाखला असतो.

आज ग्रामीण भागात रस्ते झाले आहेत, रुग्णवाहिका आल्या आहेत, बहुतेक बाळंतपणे दवाखान्यात होत आहेत. तरीही डोंगरपाड्यावरून झोळी करून आणलेल्या गर्भिणीची बातमी वर्तमानपत्रात अधूनमधून येतेच. प्राथमिक आरोग्य केंद्राची इमारत उभी असते आणि डॉक्टरची जागा रिकामी असते. उपचार आहे पण पोहोच नाही, ही स्थिती जोवर देशाच्या एखाद्या तरी कोपऱ्यात शिल्लक आहे, तोवर तिंडिवनमच्या त्या दारावर चौथी थाप पडतच राहणार. तिला उत्तर देणारी माणसे आपल्या मुलांमुलींतून निघोत, एवढीच सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी प्रार्थना.